डोळ्यातलं भिंग पहिल्यांदा कुणी बसवलं? आणि मग आजीला जाड चष्मा का मिळाला?

मृदुला_सातारा

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सकाळी नेलं, दुपारी घरी आणलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर ती दवाखान्यातच भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या तिथी वाचायला लागली.

बाहेर बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं की हे भिंग दुसऱ्या महायुद्धात सुचलं, एका वैमानिकाच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे तुकडे गेले म्हणून. घरी आल्यावर काका म्हणाले, आपल्या सुश्रुतानेच हे सगळं केलं होतं. भाऊ म्हणतो, अमेरिकन शोध आहे.

खरं काय आहे? आणि दुसरं म्हणजे, आजीचं ऑपरेशन ऐंशीच्या दशकात झालं, एका शाळेत भरलेल्या शिबिरात. तिला सोडाबाटलीच्या काचांचा चष्मा मिळाला होता आणि त्यातूनही ती आयुष्यभर चाचपडतच चालली. महायुद्धात शोध लागला असेल तर तिला भिंग का नाही मिळालं? कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा.

नेत्रसेवक

मृदुलाताई, मी मराठवाड्यात ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. तुमच्या आजीला मिळाला तसे चष्मे मी या हातांनी वाटलेले आहेत, त्यामुळे जरा लांबण लावतो.

भिंग बसवणारा माणूस इंग्रज. डॉ. हॅरॉल्ड रिडली. जन्म १९०६ चा, लेस्टरशायरमधल्या किबवर्थ हारकोर्ट गावचा. वडीलही डोळ्यांचेच सर्जन, नौदलात होते. रिडली लहानपणापासून बोलताना अडखळायचे. केंब्रिज, मग लंडनचं सेंट थॉमस हॉस्पिटल, मग तिथलाच मूरफील्ड्स हा डोळ्यांचा दवाखाना. म्हणजे त्यांच्या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या दोन दवाखान्यांत ते पुढे सर्जन होते.

वैमानिकाची गोष्ट खरी आहे. फ्लाइंग ऑफिसर गॉर्डन क्लीव्हर, ६०१ स्क्वाड्रन. गडी मुळात बर्फावरच्या स्कीइंगचा पट्टीचा खेळाडू, किट्सब्यूलची हानेनकाम शर्यत पहिल्यांदा १९३१ साली झाली ती त्याने जिंकली होती. १५ ऑगस्ट १९४० रोजी त्याच्या हरिकेन विमानाच्या कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण गोळीने फुटलं आणि तुकडे दोन्ही डोळ्यांत घुसले. तशा अवस्थेत त्याने विमान उलटं केलं की काय केलं याच्या दंतकथा पुष्कळ आहेत, त्या सोडून देऊ. पॅराशूटने उतरला हे नक्की. चेहऱ्यावर आणि डोळ्यांवर मिळून अठरा शस्त्रक्रिया झाल्या. उजवा डोळा गेला, डावा कसाबसा राहिला.

बाकावरच्या गृहस्थांनी ‘काच’ म्हटलं, पण ते झाकण काचेचं नव्हतं, परस्पेक्सचं होतं. म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिक. रिडलींनी असे वैमानिक वर्षानुवर्षं तपासले आणि त्यांच्या लक्षात आलं की हे तुकडे डोळ्यात पडून राहिले तरी डोळा लाल होत नाही, पू होत नाही, जवळच्या नाजूक भागाला धारदार कड टोचत नसेल तर डोळा त्यांना सहन करतो. लोखंडाचा कण डोळ्यात राहिला तर काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला यातलं नवल कळेल. मी लोहारकाम करणाऱ्या पोरांचे डोळे तसे जाताना पाहिलेत.

पण नुसतं तेवढ्याने भिंग सुचलं नाही, इथे गोष्ट अर्धी सांगितली जाते. मधल्या काळात रिडली लष्करातर्फे आफ्रिकेत गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला गेले. तिथे नदीकाठच्या माश्यांमुळे येणारं आंधळेपण त्यांनी खेड्यांत जाऊन अभ्यासलं. त्या आजारात डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उमटणाऱ्या खुणेला आजही त्यांचं नाव आहे. नंतर थायलंडमधून सुटलेल्या युद्धकैद्यांचे उपासमारीने गेलेले डोळे पाहिले, त्यावर लिहिलं. युद्ध संपल्यावर लंडनला परत आले. एक दिवस मोतीबिंदू काढताना शेजारी उभा असलेला एक विद्यार्थी, स्टीफन पॅरी, त्याने पहिल्यांदाच हे ऑपरेशन पाहिलेलं, तो सहज म्हणाला की खराब भिंग काढलं तर त्या जागी नवं का नाही घालत? रिडलींच्या डोक्यात हे आधीपासून घोळत होतंच. त्या पोराच्या बोलण्याने त्यांनी मनावर घेतलं असं ते स्वतः सांगत.

मग रेनर या चष्म्यांच्या कंपनीतले जॉन पाइक यांना गाठलं. दोघे कॅव्हेंडिश स्क्वेअरमध्ये मोटारीत बसून बोलले. आयसीआय कंपनीच्या जॉन होल्ट यांनी प्लास्टिक शुद्ध करून दिलं. रिडलींनी यातून कधी पैसा घेतला नाही.

२९ नोव्हेंबर १९४९, सेंट थॉमस हॉस्पिटल, चाळिशीतल्या एक बाई. त्या दिवशी मोतीबिंदू काढला, भिंगाची जागा पाहिली. डोळा शांत झाल्यावर ८ फेब्रुवारी १९५० ला दुसऱ्या टप्प्यात भिंग कायमचं बसवलं.

आता ऐका. भिंग बसलं, डोळ्याने ते स्वीकारलं, आणि त्या बाईंचा नंबर आला उणे १८ च्या आसपास, वर सहाचा सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर! निसर्गाने दिलेल्या भिंगाचा आकार त्यांनी जवळजवळ तसाच घेतला होता, पण परस्पेक्स आपल्या भिंगापेक्षा उजेड जास्त वाकवतं. मी निम्मं आयुष्य नंबर काढण्यात घालवलं, हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. यांनी ओळखलं की चूक गणिताची आहे, कल्पनेची नाही. पुढची भिंगं पातळ केली.

आजीच्या चष्म्याचं उद्या लिहितो, त्याला निवांत वेळ हवा.

ॲक्रिलिकवाला

आमचा भोसरीला ॲक्रिलिक शीटचं काम करणारा छोटा कारखाना आहे, म्हणून दोन शब्द.

नेत्रसेवक काकांनी ‘प्लास्टिक शुद्ध करून दिलं’ असं एका वाक्यात लिहिलं, पण माझ्या मते खरी मेख तिथे आहे. ॲक्रिलिक म्हणजे पातळ मोनोमरची साखळी जोडून घट्ट केलेला पदार्थ. ही जोडणी पूर्ण झाली नाही तर थोडं मोनोमर आत सुटं राहतं आणि हळूहळू बाहेर झिरपतं. शीट कापताना जो झोंबणारा वास येतो ना, तो त्याचाच. जोडणी सुरू करायला रसायन घालतात, त्याचाही अंश राहतो. दुकानाच्या पाटीला याने काही फरक पडत नाही. डोळ्यात पडतो.

विमानाचं परस्पेक्स डोळ्याने सहन केलं हे दिसलं, तरी बाजारातली शीट कापून भिंग करणं धोक्याचंच होतं. आयसीआयने त्यासाठी वेगळा माल काढला, त्याला पुढे परस्पेक्स सीक्यू म्हणायला लागले. एका डॉक्टरसाठी, कुठलीही मोठी ऑर्डर नसताना, एवढ्या मोठ्या कंपनीने वेगळी बॅच काढून द्यावी याचं आम्हा धंदेवाल्यांना फार अप्रूप वाटतं.

श्रीपाद_क

सुश्रुताबद्दल कुणी लिहीत नाहीये म्हणून. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशाची, म्हणजे मोतीबिंदूची, शस्त्रक्रिया तपशिलाने दिली आहे. जवाच्या टोकासारखी शलाका म्हणजे सुई, रोग्याने नाकाच्या शेंड्याकडे बघत बसायचं, नंतर डोळ्यावर तुपाची पट्टी, शिंकायचं नाही, खोकायचं नाही. हे जगात इतकं जुनं दुसरीकडे नाही. त्याचा उल्लेख आधी व्हायला हवा.

नेत्रसेवक

श्रीपादराव, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. शिंकू नका, खोकू नका, हे आम्ही शिबिरात रोग्याला सांगायचो तेच. पण त्यात पिकलेलं भिंग सुईने खाली पाडत, ते डोळ्यातच राही. म्हणून जुन्या लोकांच्या तोंडी मोतीबिंदू ‘पाडला’ असं असतं. फिरते वैद्य तसा पाडत गावोगाव. खराब भिंग डोळ्याबाहेर काढण्याचं काम फ्रान्सच्या झाक दाव्हिएलने १७४७ मध्ये केलं. तिथून पुढे दोनशे वर्षं सगळे नुसतं काढतच राहिले. रिकाम्या जागी भिंग ठेवून ते टिकवून दाखवणारा रिडलीच.

आता मृदुलाताईंची आजी.

रिडलींनी मोतीबिंदू काढताना त्याची मागची पातळ पिशवी मुद्दाम डोळ्यात ठेवली आणि तिच्या आधाराने, आयरिसच्या, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत गोलाच्या मागे, मूळ भिंगाच्याच जागी नवं भिंग बसवलं. त्या काळात ही जुनाट पद्धत मानायचे. चांगला सर्जन तो, जो पिशवीसकट अख्खा मोतीबिंदू बाहेर काढतो! या अख्खं काढण्याच्या पद्धतीचा जगभर गाजावाजा झाला तो आपल्या देशातून, जालंधरला कर्नल हेन्री स्मिथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारोंनी अशी ऑपरेशनं करायचे, परदेशातून सर्जन ते बघायला यायचे.

आमच्या शिबिरांतही तेच. शाळेच्या वर्गात बाकं जोडून टेबल केलेलं. डॉक्टरांच्या डोळ्याला लूप, म्हणजे मोठं दाखवणारी काच, आणि मी शेजारी टॉर्च धरून उभा. क्रायोचं, म्हणजे गोठवणाऱ्या उपकरणाचं, टोक भिंगाला टेकवलं की ते गोठून चिकटायचं, मग हलकेच डावं-उजवं करत अख्खं बाहेर. गोल, पिवळट, कधी तपकिरी. बाहेर येताना माझा टॉर्चवाला हात कधी हलला नाही, कारण त्या क्षणी हलला तर त्या माणसाचा डोळा गेला. काम सुंदर व्हायचं, भराभर व्हायचं. पण पिशवीच गेली तर भिंग ठेवणार कुठे? भिंग हातात असतं तरी आजीच्या डोळ्यात त्याला जागाच उरलेली नव्हती.

आणि मागे राहायचा तो चष्मा. अधिक दहा नंबरचा, बहुतेक वेळा सगळ्यांना तोच. त्यातून सगळं सव्वापट मोठं दिसतं आणि म्हणून जवळ वाटतं. एका आजीबाईंना चष्मा घातला, त्यांनी माझा हात धरायला हात पुढे केला आणि तो माझ्या हाताच्या वीतभर अलीकडेच मिटला. पुन्हा केला, पुन्हा तेच. उंबरा ओलांडताना पाय आधीच टाकायच्या. चष्म्याच्या काचेच्या कडेला गोल अशी एक पट्टी असते जिथे काहीच दिसत नाही, त्यामुळे बाजूने येणारं माणूस किंवा बैल एकदम समोर उगवतो. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर आणखी पंचाईत, एका डोळ्याला मोठं आणि एकाला लहान, मेंदू दोन्ही जुळवूच शकत नाही. चष्मा दोऱ्याने कानामागे बांधायचे. पडून फुटला तर नवा मिळेपर्यंत माणूस पुन्हा आंधळा. तुमच्या आजी चाचपडत चालल्या त्यात त्यांचा किंवा ऑपरेशनचा दोष नव्हता.

रिडलींना हे सगळं १९४९ मध्ये टाळता येईल असं दिसलं होतं.

मृदुला_सातारा

काका, वाचताना आजीच डोळ्यासमोर आली. ती चहा कपाबाहेर ओतायची आणि आम्ही पोरं हसायचो. आज पहिल्यांदा कळलं का ते.

पण मग बाकीच्या डॉक्टरांनी रिडलींचं ऐकलं का नाही? एवढं चांगलं काम डोळ्यांसमोर असताना?

नेत्रसेवक

डोळ्यांसमोर होतं, बघितलं नाही. हे अक्षरशः खरं आहे.

रिडलींना हे दोन वर्षं तरी गुप्त ठेवायचं होतं, रोग्यांचे डोळे टिकतात का हे बघून मग बोलायचं होतं. पण लंडनमध्ये फ्रेडरिक रिडली नावाचे दुसरे डोळ्यांचे डॉक्टर होते. भिंग बसवलेला एक रोगी चुकून त्यांच्याकडे तपासायला गेला आणि बिंग फुटलं. मग जुलै १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत रिडलींनी निबंध वाचला. भिंग बसवलेले दोन रोगी बरोबर नेले होते, बसा आणि स्वतः तपासा म्हणून. सर स्टुअर्ट ड्यूक-एल्डर त्या काळी या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव, डोळ्यांच्या शास्त्रावरचे जाडजूड ग्रंथ त्यांचे. त्यांनी ते डोळे तपासायला नकार दिला.

मी त्यांना नुसता दोष देत नाही. डोळ्याच्या सर्जनला पहिला धडा असतो तो म्हणजे बाहेरची वस्तू डोळ्यातून काढा. हा माणूस आत घाला म्हणत होता. आणि गुंतागुंती होत होत्या. भिंग जड होतं, काही रोग्यांत मागे घसरून डोळ्याच्या तळाशी गेलं. काहींच्या डोळ्यात सूज आली, ती बऱ्याच अंशी भिंग निर्जंतुक करायला वापरलेल्या सेट्रिमाइडच्या अंशामुळे, असं नंतर लक्षात आलं. सूक्ष्मदर्शक नव्हता, बारीक धागे नव्हते. तरी तपासून बघून नको म्हणणं वेगळं आणि न बघता नको म्हणणं वेगळं. ते मला आजही लागतं.

मग काय झालं, तर भिंग बसवू पाहणाऱ्यांनी सोपी जागा शोधली, आयरिसच्या पुढची. तिथे बसवायला सोपं, पण वर्षांनी कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला, घासून तो धुरकट व्हायचा. कुणी आयरिसलाच चिमट्याने अडकवलं. पंचवीसेक वर्षं अशी गेली आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात लोक पुन्हा आयरिसच्या मागे, पिशवीपाशी आले, आता हलकं भिंग आणि त्याला टेकू द्यायला बारीक वाकडे पाय घेऊन. म्हणजे जागा रिडलींनी पहिल्या दिवशी धरली होती तीच. मधल्या काळात ते स्वतः या कामावरून इतके टाकून बोलले गेले की मनाने खचले होते. १९७१ मध्ये निवृत्त झाले. रॉयल सोसायटीचे सदस्य केलं १९८६ मध्ये, वयाच्या ऐंशीला टेकल्यावर. ‘सर’ मिळालं २००० मध्ये. पुढच्या वर्षी मे महिन्यात गेले. म्हातारपणी त्यांचेही मोतीबिंदू झाले आणि सेंट थॉमसमध्येच त्यांच्या डोळ्यांत भिंगं बसली. तो वैमानिक क्लीव्हर, त्याच्या उरलेल्या डाव्या डोळ्यातही १९८७ मध्ये भिंग बसवलं गेलं.

पण मागची जागा परत सापडली तरी आमच्या तालुक्याला त्याचा उपयोग शून्य. परदेशी भिंगाची किंमत मजुराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीएवढी. ते बदललं मदुराईच्या डॉ. व्यंकटस्वामींमुळे. संधिवाताने त्यांची बोटं वेडीवाकडी झालेली, त्या बोटांनी त्यांनी लाखावर ऑपरेशनं केली. त्यांच्या अरविंद रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब हा कारखाना काढला आणि तिथे भिंगं स्वस्तात बनायला लागली. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा प्रकल्प आला, त्यात महाराष्ट्र होता. जिल्ह्याला सूक्ष्मदर्शक आले, डॉक्टरांना पिशवी राखून मोतीबिंदू काढण्याचं प्रशिक्षण मिळालं. ज्यांनी पंधरा-वीस वर्षं अख्खं काढण्यात हात बसवला होता, ते पन्नाशीचे सर्जन नव्याने शिकले. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

डॉ_निशिगंध

मी सध्या नेत्ररोग विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतोय. काकांनी सगळं नीट लिहिलंय, थोडी भर घालतो. रिडलींच्या पहिल्या रोग्याला उणे १८ आला, तसं आता होत नाही कारण आधी ए-स्कॅन या ध्वनिलहरींच्या तपासणीने डोळ्याची लांबी आणि वेगळ्या यंत्राने कॉर्नियाचा गोलवा मोजून भिंगाचा नंबर काढतात. आणि भिंगं आता बहुधा घडीची असतात, तीन मिलिमीटरपेक्षा लहान छेदातून आत जाऊन उलगडतात. पण सरकारी शिबिरांच्या रोग्यांत परस्पेक्सच्याच जातीचं, न दुमडणारं भिंग आजही बसतं आणि उत्तम चालतं. ते हलक्या प्रतीचं म्हणून कुणी नाक मुरडू नये.

विदर्भकन्या

नेत्रसेवक काका, एक विचारू का? माझी आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, वाशीमजवळ खेड्यात राहते. तिचं असंच जुनं ऑपरेशन झालंय आणि अजून तोच जाड चष्मा आहे. तिला आता भिंग बसवता येईल का? की वेळ गेली?

नेत्रसेवक

वेळ गेली असं समजू नका. पिशवी नसली तरी आयरिसला मागून पकडणारं भिंग असतं, त्याच्या दोन बाजूंना खेकड्याच्या नांगीसारखी फट असते, तिच्यात आयरिसची बारीक घडी धरतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला टाके घालून बसवण्याचीही रीत आहे. पण बसवायचं की नाही हे आधी तपासून ठरतं. कॉर्नियाच्या आतल्या पेशी पुरेशा शिल्लक आहेत का, डोळ्याचा दाब वाढलाय का, आणि मागचा पडदा धड आहे का. पडदाच गेला असेल तर भिंगाने फरक पडणार नाही, उगाच आत्याबाईंना टेबलावर घेऊ नये.

तालुक्याला हे होणार नाही. नागपूर किंवा अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, पडद्याचे डॉक्टर असतील त्या दिवशी न्या. जुना चष्मा बरोबर न्यायला विसरू नका आणि जुन्या ऑपरेशनचा कागद असेल तर तोही. रक्तदाब, साखर यांच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटंच पिशवीत टाका, नावं सांगत बसू नका. आणि ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय की दोन्हींचं ते इथे कळवा, तुम्ही ते लिहिलेलं नाही.